छकुलीची गोळी आणि कापसाची वेचणी : एडीएचडीच्या उपचाराचं एक प्रकरण

छकुलीच्या चौथीच्या गणिताच्या वहीची चाळीस पानं एका रविवारी मी घरी एकामागून एक पाहिली. प्रत्येक पानावर तारीख आहे. तारखेखाली पट्टीने ओढलेली रेघ, मग 'स्वाध्याय' हा शब्द, त्याखाली दुसरी रेघ. पहिलं उदाहरण टपोऱ्या अक्षरात, आकड्याखाली आकडा. दुसऱ्या उदाहरणात आकडे उजवीकडे सरकायला लागतात. तिसरं कुठेतरी हातच्यापाशी थांबतं. एकक सोडवलेलं असतं, हातचा वर लिहिलेला असतो आणि दशकाच्या जागी नुसता पेन्सिलीचा ठिपका. पेन्सिल तिथेच टेकून राहिल्यामुळे काही पानांवर त्या ठिपक्याचं भोक झालं होतं. चाळीसपैकी एकही पान पूर्ण नव्हतं, आणि एकाही पानाची सुरुवात गबाळी नव्हती.

दुसरीपासून ती माझ्याच वर्गात. जवळजवळ तीन वर्षं मी असल्या पानांखाली लाल शाईने 'अपूर्ण' लिहीत आले. जिला कामच करायचं नाही ती मुलगी रोज दोन रेघा पट्टीने ओढणार नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या रविवारी, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गावाचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाही. घरी तिला सगळे छकुली म्हणतात, इथेही तेच म्हणते. तिच्या माय-बापाला वाचून दाखवून, त्यांच्या होकारानेच हे लिहिते आहे. छकुली आता सहावीत आहे. तिला एडीएचडी आहे, म्हणजे मेंदूच्या वाढीतली अशी अडचण की लक्ष टिकत नाही, चंचलपणाला आवर बसत नाही. तिचा त्यातला शांत प्रकार. या प्रकारात मूल बाकावरून उड्या मारत नाही, कुणाला मारत नाही, वर्ग डोक्यावर घेत नाही. नुसतं हरवतं. मुलींमध्ये हा प्रकार जास्त दिसतो आणि म्हणूनच मुलींचं निदान उशिरा होतं. त्रास न देणाऱ्या मुलाकडे शाळेचं लक्ष जात नाही.

घरची परिस्थिती अशी. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, मधे तुरीच्या ओळी, एका तुकड्यात सोयाबीन. बाप वावर सांभाळून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. माय निंदणाला आणि वेचणीला मजुरीने जाते. घरी आजी आणि छकुलीचा धाकटा भाऊ. मायचं गाऱ्हाणं शाळेच्या गाऱ्हाण्याहून वेगळं नव्हतंच.

"मॅडम, चार कामं सांगतले त एकबी पुरं होत नाही. पाण्याले गेली का हापशीवरच उभी रायते. गुंड भरून पाणी वाहून रायते, तरी तिचं ध्यान नाही."

मी मान डोलावली होती आणि म्हटलं होतं, हुशार आहे ताई, पण आळशी आहे. तिसरीत असताना एकदा गृहपाठ सलग आठवडाभर आला नाही म्हणून तिला मी वर्गाबाहेर उभं केलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, हे मला पाठ होतं. बाहेर उभं करणं त्यात येतं, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. ती अर्धा तास व्हरांड्यात उभी होती आणि मी बोलवायला गेले तेव्हा तिला आपण बाहेर का आहोत हेच आठवत नव्हतं. मला तो कोडगेपणा वाटला.

पेटीतला कागद

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं होतं. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्यांची दोनदा तपासणी होते. ज्या ३० आजार-दोषांसाठी मुलं पाहतात त्या यादीत फाटका ओठ, हृदयदोष, दात, कातडी यांच्यासोबत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी हेही आहेत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पथक म्हणजे वजन-उंची आणि जंताची गोळी, एवढीच माझी समज.

पथकातल्या डॉक्टर मॅडमनी छकुलीचे डोळे पाहिले, कान पाहिले, पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिलं. सिकलसेलची तपासणी आमच्याकडे होतेच. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही अशी बघत राहते तेव्हा खांद्याला हात लावला की लगेच भानावर येते का?" मी म्हटलं, लगेच. डोळे फिरतात का, पापण्या फडफडतात का, तोंड चाळवल्यासारखं करते का? नाही. हा प्रश्न किती महत्त्वाचा होता ते पुढे कळलं. एक प्रकारची फिट अशी असते की मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, आणि ती फिट लक्ष नसण्यासारखीच दिसते. हात लावून, हाक मारून मूल तेव्हा भानावर येत नाही.

मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे न्यायचं होतं. मी चिठ्ठी छकुलीच्या दप्तरात ठेवली, घरी दे म्हणून सांगितलं आणि माझं काम झालं असं समजले. लक्ष न राहणाऱ्या मुलीच्या हाती मी तिच्या लक्षाचीच चिठ्ठी दिली होती. तरी ती पोचली. घरच्यांनी रेशनकार्डासोबत पेटीत जपून ठेवली.

"कागद इंग्रजीत होता जी," माय नंतर म्हणाली. "मले वाटलं, तपासल्याची पावती असन."

चुकीची ती अजिबात नव्हती. कुठे जायचं, कोणत्या वारी, सोबत काय न्यायचं आणि मुख्य म्हणजे का जायचं, यातलं एकही अक्षर तिला वाचता येईल अशा भाषेत कुणी लिहिलं नव्हतं. मी तरी घरी जाऊन सांगायला हवं होतं. शाळेपासून त्यांचं घर तीन मिनिटांवर आहे.

दरम्यान घरच्यांनी त्यांच्या परीने वाट शोधलीच. आजीचं म्हणणं, नजर लागली. ताईत बांधला, दोन गुरुवार केले. त्याने नुकसान काही झालं नाही. नुकसान झालं दिवाळीनंतर. सोयाबीनचे पैसे हातात आले आणि कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचा पत्ता दिला. मेंदूची ताकद वाढवतात, मुलं पहिली येतात. दहा बैठका, पैसे आगाऊ. डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखायला लावायचे. चौथ्या बैठकीनंतर छकुलीने मायला सांगून टाकलं, पट्टीच्या खालून दिसते म्हणून. माय-बापाने जाणं बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत. ते पैसे म्हणजे पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा मोठा वाटा होता, आणि बाप आजही त्याबद्दल बोलत नाही.

म्हणून हे इथेच सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. निदान आणि औषध त्याच्याकडे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळा. तो चाचण्या घेतो, मुलाला आणि पालकांना शिकवतो, औषध लिहीत नाही. त्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं आणि त्याला नोंदणी क्रमांक असतो. ही परिषद १९९२ च्या कायद्याने झालेली आहे. क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही, सांगतो. नुसती 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतं.

एक चार चार एक सहा

वह्यांच्या त्या रविवारी संध्याकाळी मी १४४१६ ला फोन लावला. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला देशभर सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात हा नंबर मी ऐकला होता. शाळेतल्या मुलीसाठी तो लावायचा असतो असं कधी वाटलं नव्हतं. पलीकडच्या ताईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. निदान फोनवर होत नाही हे स्पष्ट सांगितलं. मुलीच्या वह्या न्या, पथकाची चिठ्ठी न्या, जन्माच्या वेळचे कागद असतील तर न्या, आणि बाईंनी स्वतः सोबत जावं, असं सांगितलं. शेवटची सूचना सगळ्यात कामाची ठरली.

कुठे जायचं यावर घरात चार दिवस चर्चा झाली. आमचं गाव अशा जागी आहे की एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला देवळीवरून वर्धा. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं, दोन्हीकडे मानसोपचार विभाग. नागपूरला मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं. आजीच्या डोक्यात मात्र एकच चित्र होतं, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी ते एक, आणि आमच्याकडे त्याला लोक अजून पागलखाना म्हणतात. "माह्या नातीले तिथं नेसान त माह्या जिवावर पाय ठेवून न्या," ती म्हणाली. तिला समजावलं, की तापाच्या, हाडाच्या, पोटाच्या रोग्यांच्याच रांगेत केसपेपर काढायचा आणि नुसतं दार वेगळं. तेव्हा ती म्हणाली, मग मी बी येतो. आम्ही गेलो ते रुग्णालय कोणतं हे मुद्दाम लिहीत नाही. कुणी या मजकुरावरून जागा निवडू नये, आपल्याला जिथून परत यायला संध्याकाळची बस मिळते ती जागा निवडावी.

मार्च २०२४. पहिली एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्ही चौघीजणी गेलो : माय, आजी, छकुली आणि मी. हे अर्धं तिकीट उपचाराचा भाग आहे असं मी मानते. ते नसतं तर आजी आली नसती, आणि आजी आली नसती तर पुढची गोष्ट घडली नसती.

तरुण डॉक्टरांनी तासभर विचारलं. बाळंतपण कुठे झालं, रडली कधी, चालली कधी, झोप कशी, डोक्याला मार लागला का, फिट आली का, घरात मारझोड होते का, दारू आहे का, मोबाइल किती. मग विचारलं, घरात आणखी कुणी असं होतं का? माय-बापाकडचे लहानपणी? माय गप्प. आजी बोलली.

"हिचा आजा असाच होता. डवरा वावरात उभा करे अन् पाणी प्याले घरी ये. अन् घरीच बसून राये. बैल तिकडं उन्हात." थोडं थांबून ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं लय मारलं त्याले त्यापायी."

डॉक्टरांनी तिला सांगितलं, आजी, हे रक्तातून येतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघाला आहे. आजीला टक्के कळले असतील असं नाही. पण त्या दिवसापासून तिने नजरेचं नाव काढलं नाही आणि पुढे गोळ्या कधी बंद झाल्या तर सगळ्यात आधी तीच बोलली.

पहिल्या दिवशी निदान झालं नाही, आणि याचं मला बरं वाटलं. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. थायरॉइड तपासायला सांगितलं, ऐकू येतं का याची नीट चाचणी घेतली. कारण रक्त कमी असलेलं, झोप न झालेलं, कमी ऐकू येणारं मूलही असंच हरवतं. दोन फॉर्म दिले, एक मायसाठी, एक माझ्यासाठी. निकष सरळ आहेत. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं, त्यातली निदान सहा, सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी. फक्त शाळेत दिसली तर शाळेत काय बिघडलं आहे ते शोधायचं, फक्त घरी दिसली तर घरात. मायचा फॉर्म मी वाचून दाखवला आणि ती बोटाने खूण दाखवत गेली. माझा मी रात्री भरला. 'बारीकसारीक चुका करते', 'बोलताना ऐकत नसल्यासारखी वाटते', 'वस्तू हरवते', प्रत्येक ओळीला मी स्वतः लिहिलेला एखादा शेरा आठवत होता.

एप्रिलमध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमची तारीख मिळाली. घरचे त्यांना 'टेस्टवाल्या मॅडम' म्हणतात. बुद्धिमापनाची जी चाचणी त्यांनी घेतली तिचा वैदर्भीय धागा त्यांनीच सांगितला. वेक्स्लर यांच्या अमेरिकन चाचणीवरून भारतीय मुलांसाठी ती डॉ. मालिन यांनी बसवली, नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये, १९६९ च्या सुमारास. देशभरच्या रुग्णालयांत आजही ती वापरतात. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वी आमच्या शेजारच्या शहरात या कामाचं हत्यार तयार झालं होतं, आणि आमच्या गावात ते २०२४ मध्ये पोचलं. छकुलीची बुद्धी सर्वसाधारण, तोंडी गणितात तर वरचढ. वेगळी अध्ययन अक्षमता नाही. निदान : एडीएचडी, प्रामुख्याने अवधानाच्या अभावाचा प्रकार.

मायने विचारलं, परीक्षेत सवलत मिळते काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, पोरगी वेडी नाही ना जी? मॅडम म्हणाल्या, नाही. तिच्या डोक्यात विचारांना आवर घालणारा जो भाग आहे तो हळू पिकतो आहे. शेतकरीण होती म्हणून हा शब्द तिला लगेच कळला.

घरात एक, शाळेत एक

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार बैठका झाल्या, आणि त्यात छकुलीपेक्षा मोठ्यांनाच जास्त शिकवलं. मायचा रोजचा हुकूम असा असायचा : पाणी आण, शेळी बांध, भावाले जेवू घाल, मग अभ्यासाले बस. चार कामं एका श्वासात. आता एक काम. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, नजरेला नजर मिळाली की एकच काम सांगायचं आणि ते झालं की लगेच, त्याच क्षणी, चांगलं म्हणायचं. संध्याकाळी म्हटलेलं चांगलं तिच्या उपयोगाचं नाही. मायला हे पोरीचे लाड वाटले. मॅडमनी विचारलं, डवऱ्याच्या बैलाला तास संपल्यावर हाक देता का, तास चालू असताना? माय हसली आणि ऐकलं.

शाळेत मी तिला दारापासून उठवून फळ्यासमोर बसवलं. एका पानावर चारच उदाहरणं. ती झाली की वही माझ्याकडे आणून दाखवायची, म्हणजे उठून चालणंही होतं. रजिस्टर नेणं, घंटा देणं ही कामं तिला. रोजच्या तीन गोष्टींची एक चिठ्ठी, त्यावर माझी खूण, घरी गेल्यावर मायची खूण. याने फरक पडला, पण अर्धाच. पानं आता चार उदाहरणांची होती आणि ती दोनवर थांबत होती.

जुलै २०२४ च्या सुरुवातीला आमच्याकडे शाळा उघडल्या तेव्हा गोळी सुरू झाली, मिथाइलफेनिडेट, दिवसभर हळूहळू सुटणारी. आधी नाडी, रक्तदाब, वजन, उंची, घरात कुणी हृदयाच्या आजाराने लहान वयात गेलं आहे का, हे सगळं विचारून. सुरुवात कमी मात्रेने. पहिल्या आठवड्यातच तिने मला येऊन सांगितलं, "मॅडम, आता तुमचं बोलनं मधातून तुटत नाही." इतकी वर्षं ते मधातून तुटत होतं, आणि सगळ्यांचंच तसं तुटत असेल असं ती समजत होती.

ही गोळी शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येते, शिवाय १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली. विकायला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळत नाही. बाप एका दुकानात विचारायला गेला तर तिथला माणूस म्हणाला, ही नशेची गोळी आहे. रात्री नऊला बाप माझ्या दारात. "मेडिकलवाला असा म्हणते. पोरीले देऊ का नको?" मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत, त्यांच्या देखरेखीत ती अनेक दशकं मुलांना दिली जाते आहे, आणि नियम कडक आहेत ते तिचा गैरवापर होऊ शकतो म्हणून, एवढं डॉक्टरांकडून ऐकलेलं मी सांगू शकले. दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरांनीच त्याला पुन्हा सांगितलं.

जुलैच्या मध्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, छकुली नुसती चिवडून रायली. आठ दिस झाले." भूक कमी होणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास. घरी कुणाला दिसला नव्हता, कारण दुपारी ती शाळेत जेवते आणि रात्री भूक परत येते. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी गोळीच्या आधी पोटभर भाकर, रात्री उशिरा पुन्हा काहीतरी, आणि दर महिन्याला वजन. वजनाची वही मी केली. मावशींचं नाव कुठल्याही केसपेपरवर नाही, पण उपचारातली ती एक महत्त्वाची नोंद त्यांची आहे.

वेचणी

ऑक्टोबरपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग कापूस फुटला.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवस बुडाला की मजुरी बुडाली, आणि नुसती तीच नाही. मधे एक दिवस खाडा केला की मुकादमीण दुसरी बाई घेते. गोळी एका वेळी महिन्याचीच मिळायची आणि चिठ्ठीसाठी मुलीला नेऊन दाखवावं लागायचं. जाऊन-येऊन अख्खा दिवस. बाप ट्रॅक्टरवर. मामाची मोटारसायकल, पण त्याचीही तूर. मी एकदा नेलं. दुसऱ्या महिन्यात माझं निवडणुकीचं काम होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या.

हे मला कसं कळलं तेही सांगते. मायकडे वेचणीची एक वही आहे. रोज किती किलो, ते ती आकड्यांत लिहिते. अक्षर वाचायला तिला जड जातं, आकडे नाही. त्याच वहीत किलोच्या आकड्याशेजारी ती रोज एक ठिपका द्यायची, गोळी दिल्याचा. तिने ही पद्धत स्वतः काढली होती. डिसेंबरमध्ये ती वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "इथून पुढं ठिपके नाही, मॅडम." किलोचे आकडे मात्र एकही दिवस न चुकता होते : अठरा, बावीस, वीस. त्या पानावर मला आमच्या भागातला मानसिक आरोग्याचा सगळा प्रश्न दिसला. माय निष्काळजी नव्हती. ती दोन्ही हिशेब एकाच पानावर सांभाळत होती आणि दोन्ही एकाच वेळी जमत नव्हते. छकुलीच्या वहीतले ठिपके पुन्हा दशकाच्या घरात थांबायला लागले होते.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही परत गेलो. मला वाटलं, बोलणी बसतील. या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी ती वही मागून घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "गाव किती लांब आहे हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. अंतर नाही, महिन्यातून एकदा येणं जमतं का, ते." मग त्यांनी पर्याय समजावला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधलं आणि एनडीपीएसखालचं औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. ॲटोमोक्सेटिन हे औषध त्यात येत नाही. ते साध्या चिठ्ठीवर मिळतं, तालुक्याचा मेडिकलवाला मागवून देऊ शकतो, आणि जुन्या रोग्याला फोनवर बोलून पुढे चालू ठेवता येतं. मात्र त्याचा परिणाम पहिल्या गोळीसारखा तासाभरात दिसत नाही, चार-सहा आठवडे लागतात. सरासरीने पाहिलं तर तो थोडा कमीही असतो. सुरुवातीला मळमळ होते, झोप येते. आणि मुलगी फार हिरमुसली राहायला लागली, मरणाचं काही बोलली, किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट न बघता यायचं.

म्हणजे छकुलीला जे औषध मिळालं ते रस्त्याने निवडलं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. तालुक्यातल्या एका दुकानाला परवाना असता, ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरकडे ती पहिली गोळी असती, तर तिला तीच चालू राहिली असती. पण कागदावर सगळ्यात चांगलं असलेलं औषध वर्षातले चार महिने घरात नसेल, तर बाराही महिने असणारं दुसरं औषध तिच्यासाठी जास्त चांगलं, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं. फेब्रुवारीभर आम्ही सगळे वाट पाहत होतो. पहिले दोन आठवडे ती दुपारी बाकावर झोपायची, म्हणून डॉक्टरांनी फोनवर गोळी रात्री द्यायला सांगितली. मार्चच्या मध्यात एका पानावर चारही उदाहरणं होती. दुसऱ्या दिवशी तीन. मग पुन्हा चार.

आता जुलै २०२५. तपासणीला दर तीन महिन्यांनी जायचं, मधे फोन. तारखा आम्ही हंगाम पाहून मागतो आणि डॉक्टर देतात. निंदण संपल्यावर, दिवाळीच्या आधी, तूर निघाल्यावर. टेस्टवाल्या मॅडमशी मायचं महिन्यातून एकदा माझ्या फोनवर बोलणं होतं. लहान भाऊ पहिलीत आला आहे, आणि त्याच्याकडे आजी जरा जास्तच निरखून बघते. सातवीनंतर छकुलीला तालुक्याच्या हायस्कुलात जावं लागेल. तिथल्या शिक्षकांसाठी मी मराठीत दोन पानं लिहून ठेवली आहेत : ती कुठे बसली की बरं, किती उदाहरणं द्यायची, हाक कशी मारायची, जेवली का ते कुणाला विचारायचं.

पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारची आहे. मामाला सांगून ठेवलं आहे. मायने या वर्षीची वेचणीची वही आत्ताच आणली, पहिल्या पानावर किलोचा रकाना अजून कोरा आहे, आणि शेजारी जुलैचे सव्वीस ठिपके.